ज्ञानाचे गायरान आणि चित्रांची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी निवडलेल्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना एका ज्ञानकोशातील छायाचित्रांच्या परवान्यांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, ही शंका रास्त आहे. परंतु मालमत्ता म्हणजे काय, ती कोणाची आणि सामुदायिक मालमत्तेचे रक्षण कसे करावयाचे, हा प्रश्न समाजवादी विचाराच्या मुळाशीच आहे. जमीन आणि गिरणी यांच्या बाबतीत आपण तो आयुष्यभर विचारीत आलो. आज तोच प्रश्न शब्द आणि चित्र यांच्या बाबतीतही उभा आहे. म्हणून थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रथम माझीच एक फजिती सांगतो. १९८२च्या गिरणी संपात ज्यांच्याबरोबर मी विद्यार्थी म्हणून वर्गणीचे डबे घेऊन चाळीचाळींतून हिंडलो, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्यावर मराठी विकिपीडियात एक छोटा लेख मी लिहिला. लेखाला चेहरा हवा, म्हणून एका दैनिकातील त्यांच्या छायाचित्राचे कात्रण घेतले, त्याची प्रत काढली आणि ती चढवून दिली. चढवताना ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ या रकान्यात बेधडक खूण केली. कात्री माझी, प्रत मी काढलेली, तेव्हा काम माझेच, असा माझा भाबडा हिशेब होता! काही दिवसांतच ते चित्र काढून टाकले गेले. मी संतापलो. मग त्या दैनिकाकडे गेलो. तिथल्या सज्जन संपादकांनी ‘ज्ञानकोशात वापरण्यास आमची हरकत नाही’ असे पत्र दिले. तेही पुरेसे ठरले नाही. तेव्हा मात्र, जे सारे आयुष्य विद्यार्थ्यांना सांगत आलो ते मी स्वतः केले. आधी नियम वाचले आणि मग मत बनवले. दोष सर्वस्वी माझा होता, हे त्यानंतर कळले. त्या वाचनातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

नियम काय आहेत?

विकिपीडिया २००१च्या जानेवारीत सुरू झाला. आज तो तीनशेहून अधिक भाषांत आहे आणि त्याचे लेखन बिनपगारी स्वयंसेवक करतात. त्याच्या चित्रांसाठी २००४ साली ‘विकिमीडिया कॉमन्स’ नावाचे एक सामायिक भांडार उघडण्यात आले. २०२३ मध्ये त्यातील चित्रे, ध्वनिफिती वगैरेंची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. या भांडाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो. येथे तेच चित्र ठेवावे, जे कोणीही, कोठेही, कोणत्याही कारणासाठी, व्यापारासाठीसुद्धा, पुन्हा वापरू शकेल आणि हवे तर त्यात बदल करू शकेल. एक तर त्या चित्रावरील स्वामित्वहक्काची मुदत संपलेली असावी, नाही तर हक्कदाराने तसा मुक्त परवाना दिलेला असावा.

हे परवाने बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ पासून प्रसिद्ध केलेले असतात. त्यांत अटी असू शकतात. छायाचित्रकाराचे नाव दिलेच पाहिजे, ही एक. चित्रात बदल करून नवे काही केले, तर तेही त्याच अटींवर सर्वांना खुले ठेवले पाहिजे, ही दुसरी. मात्र ‘फक्त बिगर-व्यापारी वापरासाठी’ किंवा ‘फक्त तुमच्या ज्ञानकोशासाठी’ अशी अट असलेले चित्र येथे चालत नाही. संपादकांचे पत्र का पुरले नाही, ते आता आपल्या ध्यानात येईल. त्यांनी परवानगी दिली होती ती एका घराला, सबंध गावाला नव्हे.

मग उचित वापराचे काय? अमेरिकेच्या १९७६च्या कायद्यात तशी मुभा आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला अंश आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम, या चार कसोट्या लावून न्यायालय निर्णय देते. कॉमन्सच्या भांडारात या मुभेला मुळीच जागा नाही. मात्र निरनिराळ्या भाषांतील विकिपीडियांना आपापल्या घरापुरता अपवाद करता येतो. ज्ञानकोश चालवणाऱ्या प्रतिष्ठानाने मार्च २००७ मध्ये ठराव करून या अपवादाला मर्यादा घातल्या. अपवादाचे नियम त्या भाषेच्या विकिपीडियाने लेखी ठरवलेले असावेत आणि अपवाद कमीत कमी असावा. ऐतिहासिक महत्त्वाच्या घटना, बोधचिन्हे, किंवा ज्या आधुनिक कृतीविषयी लेख आहे ती कृतीच, एवढ्यापुरताच तो असावा. हयात व्यक्तींच्या छायाचित्रांना बहुधा अपवाद नाही. माणूस जिवंत असेल, तर कोणीतरी कॅमेरा घेऊन त्याच्यापर्यंत जाऊ शकतो, हा त्यामागील साधा विचार.

इंग्रजी विकिपीडियाने याचे दहा निकष केले आहेत. मुक्त पर्याय मिळण्यासारखा नसावा, चित्र लहान आकाराचे असावे, प्रत्येक वापराचे कारण लिहून द्यावे, आणि मूळ मालकाच्या कमाईवर गदा येऊ नये, हे त्यांतील मुख्य. वृत्तसंस्था छायाचित्रे विकूनच जगते, तेव्हा तिचे छायाचित्र केवळ शोभेसाठी उचलता येत नाही. पण ते छायाचित्रच जर इतिहास झाले असेल आणि लेखात त्याचीच चर्चा असेल, तर गोष्ट वेगळी. आणीबाणीतील जॉर्ज फर्नांडिस यांचे बेड्या घातलेला हात उंचावलेले छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या छायाचित्राचा १९७७च्या निवडणुकीत झालेला उपयोग सांगणारा लेख असेल, तर अपवादाचा युक्तिवाद करता येतो. फर्नांडिस दिसायला कसे होते एवढेच दाखवायचे असेल, तर तो टिकत नाही.

इतका कडकपणा कशासाठी?

येथे आपल्या मनात स्वाभाविक आक्षेप येतो. कायदा जेवढे देतो, तेवढेही हा ज्ञानकोश स्वतः होऊन घेत नाही. ही सोवळेपणाची हौस तर नव्हे? मलाही प्रथम तसेच वाटले होते.

परंतु कोल्हापुरातला एखादा छोटा प्रकाशक डोळ्यांसमोर आणा. त्याला कामगार चळवळीवर वीस रुपयांची सचित्र पुस्तिका काढायची आहे. ज्ञानकोशातील लेख आणि चित्रे त्याने घेतली. त्यातील चित्र अमेरिकेच्या उचित वापराच्या आधारावर ठेवलेले असेल, तर ते कवच अमेरिकेतल्या ज्ञानकोशाचे, कोल्हापूरच्या मुद्रकाचे नव्हे. आपला १९५७चा कायदा वेगळ्या पद्धतीचा आहे. त्याच्या ५२व्या कलमात उचित व्यवहाराची मुभा आहे, पण ती ठरावीक प्रयोजनांपुरती. खासगी उपयोग व संशोधन, टीका वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त ही ती प्रयोजने. शिक्षणासाठी वेगळी तरतूद आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानावर बड्या प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिचाच आधार घेऊन तो फेटाळला आणि स्वामित्वहक्क हा काही ईश्वरदत्त वा निसर्गदत्त हक्क नाही, असे बजावले. तो निर्णय आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. पण वीस रुपयांची पुस्तिका विकणारा मुद्रक त्या छत्राखाली येईलच, अशी खात्री नाही. तात्पर्य, ज्ञानकोशाने स्वतःपुरती सवलत घेतली असती, तर ज्ञानकोश श्रीमंत झाला असता आणि त्याच्याकडून घेणारा गरीब धोक्यात आला असता. कडक नियमाचे खरे लाभार्थी हे शेवटचे वापरणारे आहेत.

अर्थशास्त्रात सामुदायिक संपत्तीविषयी एक जुना वाद आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे मांडले की सर्वांच्या मालकीचे कुरण अखेर उजाड होते, कारण जो तो आपली गुरे वाढवीत जातो. या सिद्धांताचा आधार घेऊन जगभर खासगीकरणाचे समर्थन झाले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील गावरान जंगले, स्पेनमधील पाटबंधारे यांचा अभ्यास करून १९९० साली त्याला उत्तर दिले. कुरण सामायिक असते म्हणून उजाड होत नाही. नियम नसतात म्हणून उजाड होते. लोक एकत्र बसून स्वतःचे नियम करतात आणि स्वतः ते पाळून घेतात, तेथे सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायतीचा प्रयोग केला, तो याच जातीचा होता. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात वाटायचे, आणि ठरलेला नियम सर्वांनी पाळायचा.

चित्रांचे गायरान मात्र एका बाबतीत वेगळे आहे. गवत चरल्याने संपते, चित्र पाहिल्याने संपत नाही. हजारांनी वापरले तरी हजार-एकाव्याला ते तेवढेच उरते. या गायरानाला भय चरणाऱ्यांचे नाही, कुंपण घालणाऱ्यांचे आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून गावांची कुरणे जमीनदारांच्या कुंपणात घातली, हा इतिहास आपण अभ्यासवर्गात अनेकदा सांगितला आहे. स्वामित्वहक्काच्या मुदतीचा इतिहास पाहा. इंग्लंडमधील १७१०च्या पहिल्या कायद्यात मुदत चौदा वर्षे होती. लेखक हयात असेल तर आणखी चौदा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांचे साहित्य १९९१ अखेर मुक्त होणार असे दिसताच १९९२ साली ती साठ केली गेली. छायाचित्राचा हक्क पूर्वी प्रसिद्धीपासून साठ वर्षे टिकत असे. २०१२च्या दुरुस्तीने ते कलमच वगळले. आता तो छायाचित्रकाराच्या हयातभर आणि पुढे साठ वर्षे टिकतो. आज पंचविशीतील मुलाने मोर्चाचे छायाचित्र काढले आणि तो पंचाहत्तर वर्षे जगला, तर ते छायाचित्र मुक्त व्हायला एकशे दहा वर्षे लागतील. कुंपण असे दर पिढीला थोडेथोडे पुढे सरकते.

‘नफेखोरांना फुकट का द्यावे?’

आपल्या वर्तुळात यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप आहे. आपल्या चळवळीचे छायाचित्र भांडवलदाराने वापरून पैसे का मिळवावेत? ‘फक्त बिगर-व्यापारी’ अशी अट घातली की झाले! हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचा परिणाम उलटा होतो. व्यापारी कोण, हे कसे ठरवणार? वर्गणी घेणारे साप्ताहिक व्यापारी आहे. फी घेणारी शाळा, पुस्तिका विकणारी कामगार संघटना, तिकीट लावून नाटक करणारे पथक, हे सारे काटेकोर अर्थाने व्यापारीच ठरू शकतात. बड्या कंपनीला अशी अट आड येत नाही. ती वकील ठेवते, छायाचित्र विकत घेते. अट आड येते ती लहानांना. भांडवलदाराला वेसण घालायची असेल, तर ‘त्याच अटींवर पुढे द्या’ ही अट अधिक उपयोगी आहे. वापर, पण त्यातून केलेल्या नव्या चित्राला कुंपण घालू नकोस, एवढे ती सांगते.

तरीही एक गोष्ट मी लपवणार नाही. बड्या संगणक कंपन्या या गायरानातून आज गाड्या भरभरून नेत आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे त्यावर पोसत आहेत. स्वयंसेवकांच्या श्रमावर नफा होतो आहे, हे खरे. पण उपाय त्या नफ्यावर कर लावणे आणि त्या कंपन्यांना जबाबदार धरणे हा आहे. चोर येतात म्हणून गावाची विहीर बुजवीत नाहीत.

छायाचित्रकाराच्या पोटाचा प्रश्नही आपण टाळता कामा नये. तोही श्रमिकच आहे. मुक्त परवाना हा दानपत्रासारखा आहे. एकदा दिला की परत घेता येत नाही. म्हणून तो कोणाकडून दडपणाने घेऊ नये. कमाईवर गदा आणणारा वापर वर्ज्य करणारा आणि लहान प्रतीवर भागवणारा नियम छायाचित्रकाराचे रक्षणच करतो. चळवळीच्या नावाखाली त्याचे काम फुकट उचलण्याची आणि त्याचे नावही न देण्याची आपली जुनी खोड मात्र या नियमांच्या आरशात फार वाईट दिसते.

सरकारी छायाचित्रे कोणाची?

खरा लढा वेगळ्या ठिकाणी आहे. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्रावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. मंदीच्या काळात, १९३६ साली, कॅलिफोर्नियातील स्थलांतरित मजूर आईचे डोरोथिया लँग यांनी काढलेले छायाचित्र म्हणूनच जगाचे झाले. आपल्याकडे सरकारी कृतीवरील हक्क सरकारकडे, प्रसिद्धीनंतर साठ वर्षे. जनतेच्या करातून काढलेले जनतेचे छायाचित्र जनतेलाच विचारून वापरावे लागते! केंद्र सरकारने २०१७ साली शासकीय माहितीसाठी एक मुक्त परवाना अधिसूचित केला, हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण कायद्यातील मूळ नियम तसाच आहे. जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने डिसेंबर २००८ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक छायाचित्रे कॉमन्सला दिली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली पावणेचार लाख चित्रे निर्बंधमुक्त केली. सार्वजनिक पैशातून निघालेले छायाचित्र सार्वजनिक असावे, ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात का नसावी?

त्या मजूर आईची आठवण निघाली म्हणून आणखी एक सांगतो. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. जगाला ते कळायला १९७८ साल उजाडले, आणि तेव्हा ती म्हणाली की आपल्याला या छायाचित्रातून एक पैही मिळाली नाही. परवाना स्वामित्वाचा प्रश्न सोडवतो, माणसाच्या प्रतिष्ठेचा नाही. दुष्काळी छावणीतील स्त्रीचे, अत्याचारग्रस्त कुटुंबाचे छायाचित्र कायद्याने मुक्त करता येईलही. ते करावे की नाही, हे त्या माणसांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

आपण काय करावे?

आता कामाचे बोलतो. आपल्या घराघरांतील ट्रंकांत चळवळीचा इतिहास कसर खातो आहे. ज्यांना त्यातील चेहरे ओळखता येतात, ती माणसे दर वर्षी कमी होत आहेत. १९५८ पूर्वी भारतात काढलेली छायाचित्रे कॉमन्सवर साधारणतः मुक्त मानली जातात. म्हणजे १९५५च्या गोवा सत्याग्रहाची, १९५६च्या संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाची छायाचित्रे आज देता येतील. १९७२चा दुष्काळ, १९७४चा रेल्वे संप, १९८२चा गिरणी संप यांच्यासाठी मात्र हक्कदार शोधावा लागेल. छायाचित्रात कोण आहे, याने हक्क ठरत नाही. प्रत कोणाच्या पेटीत आहे, यानेही नाही. साधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. पण आपल्या कायद्याच्या १७व्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. पैसे देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्कदार काढून घेणारा असतो. सार्वजनिक जागेतील कायमस्वरूपी पुतळ्यांची आणि इमारतींची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करण्यासही आपला कायदा मोकळीक देतो. ही मोकळीक अनेक देशांत इतकी उदार नाही.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी एवढे करावे. छायाचित्रे गोळा करावीत. मागे वर्ष, स्थळ, व्यक्ती आणि छायाचित्रकार यांची नोंद करावी. हक्कदार हयात असेल तर नीट समजावून सांगून लेखी संमती घ्यावी, आणि समजावताना ‘व्यापारी वापरही यात आला, आणि हे परत घेता येणार नाही’ हे स्पष्ट सांगावे. आणि जे आपले नाही, ते आपले म्हणून चढवू नये. हा शेवटचा मुद्दा मी अनुभवाने सांगतो!

माझ्या सहकाऱ्याच्या छायाचित्राचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी ट्रंक उघडली. तीत साठीच्या सत्काराच्या वेळचे एक छायाचित्र निघाले, आणि त्याच पाकिटात स्टुडिओची पावती. पावती सत्कार समितीच्या नावाने होती. समितीने पैसे कुठून आणले, तर कामगारांनी दिलेल्या पाच-पाच, दहा-दहा रुपयांतून. समितीचे चिटणीस सुदैवाने हयात होते. त्यांनी संमतीपत्रावर सही केली, वहिनींनी मान हलवली, आणि यावेळी चित्र राहिले. त्याखाली स्टुडिओचे नाव आहे आणि समितीचेही. ज्यांनी वर्गणी दिली, त्यांच्या नातवंडांना ते छायाचित्र वापरण्यासाठी आता कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.